माणूस वाटेवर आहे

चैत्रात कडुनिंबाचा फुलोरा गळू लागला, की त्या कडवट-गोड गंधासोबत सुलतानपूरच्या आमच्या अंगणातली एक सकाळ मनात उजाडते. रेडिओवर बातमी लागलेली, आपल्या देशाचा पहिला माणूस अवकाशात झेपावलेला, आणि हातातला झाडू भिंतीशी ठेवून माय कान देऊन उभी.

माझी दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती. पुढे विज्ञान शिकायचं तर रोज एस.टी.नं मेहकर गाठायला हवं होतं, आणि "पोरीच्या जातीले कशाले?" एवढ्यात बाबांनी विषय मिटवला होता. रुसलेली मी दिवसभर वर्तमानपत्रातून त्या अवकाशवीराची हकिकत मायला वाचून दाखवी: हवाई दलातला वैमानिक, कितीजणांतून निवडलेला, परक्या थंड मुलुखात राहून तिथली भाषा शिकलेला. माय गहू निवडता निवडता ऐकत असे.

घरचं माणूस प्रवासाला निघालं, की ते सुखरूप पोचल्याची खबर येईपर्यंत झाडू हाती घ्यायचा नाही, ही तिची रीत. ती तिनं थेट अंतराळाला लावली. आठवडाभर अंगणात फुलांचा पिवळसर थर साचत गेला, उन्हानं तापून दरवळत राहिला. शेजारणी हसल्या, बाबा करवादले. "माणूस वाटंवर हाय अजून," ती म्हणाली, "आपलाच हाय ना थो?" विज्ञानाची स्वप्नं पाहणाऱ्या मला तर तिची लाजच वाटली, खोटं कशाला सांगू!

तो परतल्याची बातमी आली त्या दुपारी तिनं सगळं अंगण लख्ख झाडलं, आणि बाबांच्या ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, "त्याच्या मायनं लेकाले आभायात जाऊ देल्लं. आपल्याले मेहकर काऊन दूर वाटते?" बाबा कितीतरी वेळ भाकरी कुस्करत राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे तिले."

मी विज्ञान शिकले, पुढे निवृत्तीपर्यंत शिकवलंही, आणि दरवर्षी नव्या वर्गाला त्या अवकाशवीराची कथा तितक्याच उमाळ्यानं सांगितली. आता माय फार थकली आहे. परवा तिच्या उशाशी बसून सहज विचारलं, तो आठवतो का गं तुला?

"आभायात कोन गेलं थे ध्यानात नाही व बाई. तू पयल्यांदा मेहकरच्या गाडीत बसली, थे दिसते मले अजून."

मी त्या दिवशी खिडकीतून मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.