जास्त ओला तो आगटीपाशी

आमच्या शाळेची नवी खोली आषाढातल्या ज्या सोमवारी उघडली, त्याच सोमवारी, दुपारची सुट्टी व्हायच्या आत, शेगडीच्या बाईंवर अन्याय झाला. तो कुणी केला तेही लिहिणार आहे. 'व्यवस्थेनं केला' असं मोघम लिहायची आपल्याकडं सवय पडत चालली आहे. व्यवस्था छत्री मिटवत वर्गात येत नाही. माणसं येतात.

बाईंचं खरं नाव हजेरीबुकाबाहेर कुणी घेतलं नाही. वर्गात विस्तव ठेवायच्या म्हणून गावात चेष्टेनं 'शेगडीबाई' म्हणत, आम्ही ठाकरवाडीची पोरं मानानं 'शेगडीच्या बाई' म्हणायचो, आणि त्या दोन्हीला सारखीच ओ देत. तळेगावहून बदलून आलेल्या. आवाज घोगरा, चाल भरभर. वर्गात आल्या की पहिल्यांदा पाटी नाही, पुस्तक नाही. प्रत्येक पोराच्या मानेला हाताची उलटी बाजू लावत जायच्या. "पाढे नंतर. ओल्या पोराला पाढे ऐकू येत नाहीत, त्याला नुसते स्वतःचे दात ऐकू येतात." मान गार लागली की सदरा उतरवायचा आणि आगटीपाशी बसायचं.

आगटी म्हणजे जुन्या खोलीच्या मधोमध दगड लावून केलेला विस्तवाचा खड्डा. त्यावर बांबूचं डालगं पालथं घातलेलं आणि डालग्यावर आमचे सदरे, परकर वाळत टाकलेले. आमची वाडी डोंगरावर. इरल्यानं पाठ झाकते, पण गुडघ्याखाली आणि ओढ्यात इरलं काय करणार? गावातली पोरं कोपऱ्यावरून छत्रीत यायची. बाईंचा नियम एकच होता: जास्त ओला तो आगटीपाशी, कोरडा तो मागं. नियम करताना त्यांनी कुणाची जात विचारली नव्हती. पावसानंच आम्हांला पुढं बसवलं होतं.

मावळातल्या घरांसारखीच ती खोली होती. कारवीचा कूड, त्याला शेणामातीचं लिंपण, वर कौलं. फाल्गुन सरला की बाई कुडाच्या वरच्या अंगाचं लिंपण पाडायला लावायच्या, मग कारवीच्या काड्यांमधून दिवसभर वारा खेळायचा. मृगाच्या आधी आम्हीच पोरांनी ते पुन्हा लिंपायचं. बाई पदर खोचून आमच्यात. हात कोपरापर्यंत शेणात. "शाळेलासुद्धा उन्हाळ्याचे कपडे वेगळे आणि पावसाळ्याचे वेगळे," म्हणायच्या. हे त्यांना माझ्या आईनं दाखवलं होतं आणि आईचं नाव त्या सगळ्या गावाला सांगायच्या. आई लाजून घरात पळायची.

धूर व्हायचा, हे मी लपवत नाही. डोळे चुरचुरायचे. बाई खोकायच्या. म्हणून तर जिल्हा परिषदेनं नवी खोली मंजूर केली तेव्हा बाईंनी मोजमाप घ्यायला आलेल्या ओव्हरसियरला गाठलं आणि खोलीला धुराडं मागितलं. तो हसला.

"शाळेला धुराडं? बाई, ही काय बेकरी आहे?"

"लोणावळ्याच्या बंगल्यांना आहेत की. भर पावसाळ्यात तिथं राहतं कोण? माळी."

"अहो, ते शेटलोकांचे बंगले."

"मग ही शेटलोकांची शाळा आहे असं समजा आणि बांधा."

धुराडं आलं नाही. आल्या दगडी भिंती, शहाबादी फरशी आणि डोक्यावर पत्रा. पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की शेजारच्याचं बोलणं कळत नसे. चैत्रात त्याच पत्र्याखाली पोरांना घेरी यायची. भिंत दगडाची, ती उन्हाळ्यासाठी पाडणार कशी आणि पावसासाठी लिंपणार कशी? गाव मात्र खूश होतं. खोली पक्की होती, लांबून दिसत होती.

त्या सोमवारी बाईंनी घरची लोखंडी शेगडी आणली. फरशीवर जुना पत्रा टाकला, शेगडी खिडकीपाशी ठेवली, वर डालगं घातलं आणि रोजच्यासारख्या माना चाचपायला लागल्या. दाराला तोरण बांधायला आलेली आमच्या वाडीची दोन-चार माणसं, त्यांत माझा बा, बाहेर वळचणीला उभी होती. तेवढ्यात आबा आले. आबा शाळा समितीचे अध्यक्ष, गावातले मोठे जमीनदार. बरोबर नातू आणि एक गडी.

"बाई, फरशी नवी हाय. डाग पडंल."

"खाली पत्रा आहे, आबा. बघा वाकून."

"धूर व्हतो."

"धुराडं दिलं असतं तर झाला नसता. खिडकी उघडी ठेवलीय."

आबांनी आम्हा पोरांकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आता खरंच सांगतो. आमची पोरं ह्यांच्या पाठीमागं किती दिस बसायची? लोक हसत्यात. शेगडी पेटवा, माजं काय न्हाई. गोवऱ्या म्या धाडतो, गाडीभर. पन आमची पोरं म्होरं बसवा."

गाडीभर गोवऱ्या म्हणजे अख्ख्या पावसाळ्याची ऊब. नोकरी शाबूत. बाईंनी फक्त हो म्हणायचं होतं.

बाईंनी नातवाच्या मानेला हात लावला. "खडखडीत कोरडा आहे, आबा. ह्याला इथं बसवलं तर उकडून निघेल बिचारा."

पोरं फिस्सकन हसली. नातूसुद्धा हसला. आबा हसले नाहीत. "हसन्यावारी न्यू नका."

"नाही नेत." बाईंनी मला दंडाला धरून उभं केलं. "हिच्या परकरातून पाणी गळतंय. हिला मी मागं बसवणार नाही. आणि गोवऱ्या मला नकोत."

आबा दाराकडं वळले. "काय रं, तुजी पोरगी न्हवं ही? तुजं काय म्हननं हाय?"

माझा बा त्या आठवड्यात आबांच्याच खाचरात लावणीला होता. तो स्वतःच्या पायांकडं बघत म्हणाला, "आमचं काय असनार, आबा. तुमी म्हनाल तसं."

वळचणीतलं दुसरं कुणीही बोललं नाही. आबांच्या गड्यानं पोरांच्या पिण्याच्या पाण्याच्या हंड्यातून तांब्या भरला आणि शेगडीत ओतला.

संध्याकाळी बाईंनी मला थांबवून घेतलं. मला वाटलं, माझ्या बावर चिडल्या असतील. "घरी जाऊन बाला काही बोलू नकोस," म्हणाल्या. "लावणी चालू आहे."

आषाढ संपायच्या आत बदलीचा हुकूम आला, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. कारण लिहिलं होतं, वर्गात विस्तव ठेवणे. कार्ल्याच्या फाट्यावर आम्ही त्यांना एसटीत बसवून दिलं. भर पावसात त्या खिडकीतून ओरडून सांगत होत्या, "मागं बसवलं तर मागं बसा, पण बसा! शाळा सोडू नका!"

माझी धाकटी बहीण भागी तशी बसली. ओल्या परकरानं, शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. श्रावणात तिला ताप भरला, तो बरेच दिवस हटला नाही. आईनं म्हटलं, पाऊस संपंपर्यंत ऱ्हाऊ दे. दिवाळीनंतर भागी ढोरांमागं गेली, ती शाळेत परत आलीच नाही. आज ती डोक्यावर मोळ्या घेऊन लोणावळ्याला जाते. धुराड्यांच्या बंगल्यांत विकते. तिच्यासारखी वाडीतली बहुतेक पोरं एकेका पावसाळ्यात अशीच गळाली, आणि शाळेच्या दफ्तरी शेरा पडत गेला, 'पालक उदासीन'.

बाई मला शेवटच्या भेटल्या देहूरोडला, त्यांच्या भावाच्या क्वार्टरमध्ये. भाऊ लष्कराच्या डेपोत कामाला. बाई खाटेवर उशांना टेकून होत्या, एक वाक्य बोलायला दोनदा थांबत होत्या. डॉक्टर धुराला दोष देत होते. मी आबांना शिव्या घालायला लागले तर म्हणाल्या, "धूर होताच गं. त्यात आबा खोटं बोलत नव्हते." मग दम घेऊन विचारलं, "भागी आता कितवीला असेल?"

मी खरं ते सांगितलं. बाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्या पौषात गेल्या.

आता ऐका. त्या खोलीचा पत्रा गळतो आहे आणि दुरुस्तीचे पैसे मंजूर झाले आहेत. येत्या सभेत नुसते नवे पत्रे मागितले जातील. हे वाचणारे तुम्ही, गावातले असा, वाडीतले असा, त्या सभेला या. पत्र्याखाली लाकडी छत मागा. धुराडं मागा, त्याखाली पावसाळाभर विस्तव मागा. आणि कुणी विचारलं, की मग जवळ कुणाची पोरं बसणार, तर गप्प राहू नका. त्या सोमवारी मोठ्यांपैकी एकही माणूस बाईंच्या बाजूनं बोलला नाही. या वेळी तुम्ही बोला.