काट्याची साक्ष

सासूबाईंनी निवडलेल्या तांदळातला खडा माझ्या दाताखाली आला, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "आईंचे डोळे दाखवायला हवेत."

सासूबाई शेजारीच जेवत होत्या. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? घरातच उजेड नाही."

माधव नगरातल्या आमच्या घरात दिवसा उजेड नाही असं म्हणणं म्हणजे कमाल होती. दुपारी तर ऊन थेट फ्रिजपर्यंत येतं. पण माझा नवरा बँकेतला माणूस. आई आणि बायको यांच्यात कोण खरं हे सांगायची वेळ आली की त्याला पुरावा लागतो. त्याने कपाटातून सासऱ्यांचा जुना रोलचा कॅमेरा काढला.

हा कॅमेरा पूर्ण यांत्रिक, त्याला सेलसुद्धा लागत नाही. भिंगाभोवती काचेच्या बारीक मण्यांचं एक कडं आहे. त्यावर उजेड पडला की वरच्या छोट्याशा खिडकीत काटा सरकतो आणि किती उजेड आहे ते दाखवतो. सासरे काट्याला विचारल्याशिवाय कधी बटण दाबत नसत. नवऱ्याने कॅमेरा भाताच्या ताटावर धरला, वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "आई बरोबर बोलतेय. लाइट एकदम कमी आहे."

"बघ!" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी भाताचा आणखी एक घास खाल्ला, खड्यासकट.

मग डॉक्टरऐवजी इलेक्ट्रिशियन आला. स्वयंपाकघरात दोन ट्यूबलाइट लागल्या, हॉलमध्ये चार. नवरा रोज संध्याकाळी घरभर कॅमेरा फिरवून काटा बघायचा आणि मान हलवायचा. "अजून डिमच आहे." शेवटी त्याने मांडवात लावतात तसला मोठा हॅलोजन आणून देवघरासमोर टांगला. देवांच्या अंगावर सावली म्हणून पडेना. मी काळा गॉगल लावून पोळ्या लाटू लागले. शेजारच्या भाभी मिठाईचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "शादी तय हो गई और बताया भी नहीं?" आमच्या घरात लग्नाचं कोणीच नाही हे त्यांना समजावता समजावता माझी दमछाक झाली. डबा मात्र आम्ही ठेवून घेतला.

इतकं करूनही खडे येतच होते. एक दिवस सासूबाईंनी कढईचा कान समजून तिच्या तापलेल्या काठालाच हात घातला. बोटांवर टरारून फोड आले. मला रडूच आलं. "आता तरी डॉक्टरांकडे चला," मी म्हटलं. तर नवऱ्याने तिथेही कॅमेरा आणला. गॅसपाशी काटा जेमतेम हलला. "तू उगाच टेन्शन घेऊन राहिलीस," तो म्हणाला. "इथे अजून एक बल्ब पाहिजे."

तो बल्ब आणायला आम्ही टावर चौकात गेलो. मे महिना, भर दुपार, पायाखाली डांबर चिकटत होतं. कॅमेरा त्याच्या गळ्यात होताच. रसाच्या दुकानाचा फोटो काढावा म्हणून त्याने तो उचलला, काटा पाहिला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "नाही येणार. संध्याकाळ झालीय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वर बघ!" मी ओरडले. रस पिणारे चार जणही वर बघू लागले.

नवऱ्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग त्याने काट्याकडे पाहिलं, पुन्हा सूर्याकडे, पुन्हा काट्याकडे. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे हा काटाच गेलाय."

"आणि आई?" मी विचारलं.

बल्ब न घेताच आम्ही घरी आलो आणि सासूबाईंना तसंच रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आणखी उशीर केला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनं नीट झाली. माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांवरच्या पट्ट्या निघाल्यावर सासूबाई देवघराकडे आल्या आणि दारातच थबकल्या. "हे काय? कोणाचं लग्न आहे? बंद करा ते आधी!"

हॅलोजन उतरला. त्याच्याबरोबर कॅमेराही भंगारात द्यायचा म्हणून नवऱ्याने पिशवीत टाकला, तर सासूबाईंनी तो बाहेर काढला आणि पदराने पुसू लागल्या.

"अहो आई, त्याच्यापायी तुमचे डोळे जात होते," मी म्हटलं.

"मला कळत होतं गं," त्या म्हणाल्या. "उजेड भरपूर होता. मलाच दिसत नव्हतं. पण ऑपरेशनची भीती वाटायची आणि सांगायची लाज. माझ्या लेकाने माझं कुठे ऐकलं? त्याने काट्याचं ऐकलं. घरात माझ्या बाजूने बोलणारा हा काटा एकटाच होता."