बंडीवर बसलेले मामा

हैदराबादेत माझे मामेसासरे ज्याच्या तोंडात डोकावले नाहीत, असा माणूस एक तर कालच गावात आलेला असावा, नाही तर तोंड मिटून पळालेला. नारायणगुड्यातला दातांचा दवाखाना त्यांनी केव्हाच बंद केला, पण समोरच्याला चेहराही असतो हे त्यांना अजून पटलेलं नाही. पंगतीत ते वाढप्याला थांबवून जीभ वर करायला लावतात. रिक्षावाल्याचा आधी गाल तपासतात, मग भाडं ठरवतात. मी पुण्याहून मुलगी पाहायला आलो, तेव्हा समोर येऊन म्हणाले, "आ करा." पेढा भरवताहेत असं समजून मी डोळे मिटून भला मोठा आ केला. बराच वेळ गोड काही लागेना म्हणून डोळे उघडले, तर मामा मोबाईलच्या उजेडात माझी अक्कलदाढ न्याहाळत होते आणि त्यांच्या खांद्यावरून मुलगीही. "आता तीन बोटं उभी घाला." घातली. "मावली! मुलगा चांगला आहे," मामांनी जाहीर केलं. पगार कुणी विचारलाच नाही.

मामांचं एक लाडकं म्हणणं आहे. "जावईबापू, माझ्या लहानपणी तोंड बघून देशमुख कोण नि गडी कोण, ओळखू येत नव्हतं. आमचे आजोबा आणि त्यांचा सालगडी एकाच डब्यातला जर्दा खायचे, एकाच रोगानं गेले. आता तुमच्या कुकटपल्लीत आयटीवाल्यांचे गाल बघा, कसे गुलाबी! आणि चला माझ्यासंगं बेगम बाजारात."

गेलो, मिरच्या आणायच्या निमित्तानं. मसाल्याच्या दुकानाच्या पायरीशी यादगिरी हमाल आपल्या हातगाडीला, म्हणजे इथल्या बंडीला, टेकून उभा होता. मामांनी त्याला बोटं घालायला लावली. दोनसुद्धा धड जाईनात, इतकं तोंड आखडलेलं. आत गालावर पांढरा चट्टा.

"मिर्ची का है डाक्टर साब. दिनभर ढोता न मैं."

"गुटखे का है रे. दवाखाने चल."

"नक्को साब. मैं नै आया तो यहाँ दूसरे की बंडी लगती. फिर उनोइच इस दुकान का हमाल."

बाजाराचा रिवाजच तसा: पायरीशी ज्याची बंडी, त्याचा माल. जागा सुटली की गेली. आता चार समजुतीचे शब्द सांगणं आपलं कर्तव्य आहे, असं मला वाटलं. मी जीव, बायकामुलं वगैरेंवर भाषण सुरू केलं आणि घाम पुसायला रुमाल ओढला, तर खिशातून सुगंधी सुपारीची डबी टणकन खाली पडली. यादगिरीनं ती उचलली, पुसली, अदबीनं हातात दिली. "लेव साब. आप की खुशबूवाली है." सगळे हमाल हसले.

मामा हसले नाहीत. "सुपारी तुमचीही तीच. पण तुम्हाला काही झालं तर वर्षाच्या तपासणीत कळेल, रजाही मिळेल. याला कळायचं ते घास गिळेना झाल्यावर." एवढं बोलून ते इस्त्रीच्या सफारीसकट बंडीवर चढून बसले. "तू जा रे. तू आए तक बंडी यहाँ से नै हिलती."

गंमत वाटली सगळ्यांना. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच मामींचा फोन आला, "अहो, तुमचे मामा डबा घेऊन हमालीला गेले!" मग मला यादगिरीला घेऊन दवाखाना गाठावाच लागला. कॅन्सरच निघाला, पण डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. त्याचा गाल कापला, रेडिएशनचे शेक दिले, महिने गेले. मामा मात्र बंडीवर. माल आला की बाकीचे हमाल तो आपापल्या बंडीवरून पोचवत, मजुरी यादगिरीच्या घरी जाई, आणि मामा येणाऱ्याजाणाऱ्याला 'आ' करायला लावत. एका गिऱ्हाईकानं घाईत जिऱ्याचं पोतं त्यांच्याच मांडीवर ठेवलं.

एकदा त्यांना घरी सोडताना मी चेष्टा केली, तर म्हणाले, "दवाखान्यात चालत आले, त्यांचीच तोंडं बघितली हो मी. जे आले नाहीत, ते इथंच उभे होते."

शेवटी यादगिरी आला. वाळलेला, एक गाल खोल गेलेला, शब्द तोंडात अडकत होते. मामांनी त्याला आ कर म्हटलं नाही. खाली उतरून त्यांनी बंडीची फळी आपल्या रुमालानं पुसली. पोती चढली, बंडी हलली, गर्दीत दिसेनाशी झाली.

"मामा, निघायचं?"

"हौ," म्हणाले, पण हलले नाहीत. पायरीशी रिकाम्या झालेल्या जागेकडे बघत राहिले. "जावईबापू, आता उद्या सकाळी बसायचं कुठं हो?"