करंगळीएवढी धार

शाळेत सगळे तिला नेटबाई म्हणत. शिकवायची संगणक, पण नेट अडलं की साऱ्यांना तिचीच आठवण व्हायची, आणि तिलाही त्याचा तोरा होता. शाळेला ऑनलाइन परीक्षेचं केंद्र मिळालं, तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी तिलाच विचारलं, "आपली लाइन पुरेल ना?" तिने रविवारी येऊन वेग तपासला आणि छातीठोकपणे सांगितलं, "धावेल!"

सराव परीक्षेला सगळ्या मुलांनी एकदम बटण दाबलं आणि पडद्यांवर नुसती चकरी फिरत राहिली. मोठ्या बाईंनी सराव थांबवून मुलांना घरी पाठवलं. ते तिला फार लागलं. खऱ्या परीक्षेतही असंच झालं तर केंद्र जाणार आणि पोरांना परगावी हेलपाटे पडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सासूबाई नळाशी भांडत होत्या. "दुपारी बघ, कशी धो धो धार असते! आता सगळी इमारत अंघोळीला लागली, की आली करंगळीएवढी."

नेटबाईने कपाळावर हात मारला. रिकाम्या शाळेत आपण एकटीनेच नळ सोडला होता की!

परीक्षेच्या दिवशी ती टोपली घेऊन शिक्षकांच्या खोलीत शिरली. गणिताचे सर शाळेच्या वायफायवर सामना बघत होते.

"अहो, शेवटचं षटक आहे!"

"असू दे, सर. फोन बंद करून टाका यात."

मोठ्या बाईंचा फोन भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ साऱ्या गोतावळ्याला पाठवत होता. नेटबाईने टोपली त्यांच्यापुढेही केली. "तुमचाही, बाई."

परीक्षा बिनबोभाट पार पडली. शेवटचं मूल हसत बाहेर पडलं, तेव्हा तिला अगदी भरून आलं.

मोठ्या बाई खूश होत्या. "बघा, आहे तीच लाइन पुरली. तुमचंच खरं झालं."

मान डोलावली असती तर सगळंच झाकलं गेलं असतं. पण तिने ती हलवली नाही.

"माझं चुकलंच होतं, बाई. आज सगळ्यांचे नळ बंद केले, म्हणून या मुलांना धार मिळाली. रोज कुणाकुणाचे बंद करायचे? मोठी लाइन घ्यायलाच हवी."

मोठ्या बाईंनी टोपलीतून आपला फोन उचलला.

"नेटवाल्यांना आत्ताच लावते," त्या म्हणाल्या. "चालू करू ना आता?"