हिर्डोशीचा व्यवस्थापक

भिजलेल्या छत्र्यांचा, ओल्या चपलांचा आणि प्रोफेसरांच्या केसांतल्या विलायती तेलाचा मिळून जो एक वास होई, तोच माझ्या लेखी उच्च शिक्षणाचा वास. दुसरी लढाई सुरू होण्याआधीची ती वर्षं. भोरमधल्या एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी दुपारी पदवीधरांसाठी व्यापार-व्यवस्थापनाचा वर्ग भरे. नुसत्या मॅट्रिकवाल्याला तिथं प्रवेश नव्हता. आम्ही सातजण होतो, सातही नोकरदार, आणि शाळा सुटल्याला इतकी वर्षं होऊनही पुन्हा बाकावर बसल्याबद्दल आम्हांला स्वतःचं विलक्षण कौतुक होतं.

प्रोफेसर पुण्याहून मोटारीनं येत. या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात पानाची गादीसुद्धा चालवलेली नव्हती. पण हजार मजूर कसे राबवावेत, हे ते रुमालानं कपाळ टिपता टिपता इतक्या सहज सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, सकाळीच दोन-चार गिरण्या चालवून आले आहेत. दोन माणसं काम करतात तिथं त्यांच्यावर तिसरा हवाच, आणि कागदाच्या माथ्यावर चौकट आखून त्या तिसऱ्याचं नाव घालायलाच हवं, हे त्यांच्या शास्त्राचं सार. मी मनातून हसत असे आणि वहीत निमूट उतरवून घेत असे. गावात भाताची गिरणी निघायची होती. तिचे मालक म्हणजे मी ज्यांच्या पेढीवर कारकून होतो तेच, आणि व्यवस्थापकाच्या जागेसाठी त्यांनी या वर्गाचं प्रशस्तिपत्र मागितलं होतं. ती जागा मला हवी होती. फार हवी होती.

आषाढात प्रोफेसरांनी फर्मावलं की प्रत्येकानं आसपासचा एखादा मोठा उद्योग पाहून त्याचा अधिकार-तक्ता काढावा. भोरात उद्योग कसला बोडक्याचा! मी हिर्डोशीची वाट धरली. पावसानं तिकडची मोटार बंद झालेली, म्हणून सगळा रस्ता पायी. वरंध्याकडचे डोंगर ढगांत बुडाले होते, आणि खाली एका खाचरात चाळीसएक माणसं इरली पांघरून, ओणवी होऊन, एका ओळीनं भाताची लावणी करत मागं मागं सरकत होती. त्यांच्या पुढ्यात राखाडी पाणी बघता बघता हिरवं होत होतं, चिखलाचा कोवळा, थंड वास साऱ्या दरीत भरून राहिला होता, आणि ओळीतून कुणीतरी गाणं उचललं की आधीचा आवाज आपणहून खाली बसत होता. इर्जिक होती ती. सगळ्यांनी मिळून आज एकाचं शेत लावायचं, उद्या दुसऱ्याचं, आणि ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मी अर्धा दिवस बांधावर उभा राहून हुकूम सोडणारा माणूस शोधत होतो. शेवटी धोंडीबा नावाच्या म्हाताऱ्याला विचारलं, कारण माझ्याशी बोलायला कंबर सरळ करण्याचं सौजन्य त्या एकट्यानंच दाखवलं होतं.

"मालक कुनी न्हाई, सायेब. ज्येच्या खाचरात पानी आदी धरंल, त्येचं शेत आदी. माजं खाचर वरल्या अंगाला, तितं पानी उशिरा ठरतं, तवा माजा लंबर समद्यांच्या मागनं."

हे मी तसंच्या तसं लिहून नेलं. प्रोफेसरांनी वरची मोकळी चौकट पाहिली आणि कागद बोटाच्या टोकानं दूर सारला. मालकाशिवाय होतं ते काम नव्हे, जत्रा, असं म्हणाले. आणि जत्रेला उत्तीर्ण करता येत नाही, असंही. मी तिथल्या तिथं टाक उचलला आणि लिहिलं : धोंडीबा, व्यवस्थापक, हाताखाली चाळीस माणसे. प्रोफेसर प्रसन्न झाले. तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागला.

त्याच आठवड्यात घाटात दरड कोसळली. रस्त्याचा कंत्राटदार प्रोफेसरांचा स्नेही. तो आमच्या वर्गात पाहुणा म्हणून आला आणि भिंतीवर त्याला आयती चाळीस माणसं सापडली. कुठून तरी हुकमाचा कागद मिळवून तो हिर्डोशीत धोंडीबाच्या दारात उभा राहिला. धोंडीबानं त्याच्या पायावर हात ठेवून सांगितलं, मी कुणाचा कुणी नाही; पण छापील हुकमात त्याचं नाव होतं. आठ दिवस सगळी वस्ती घाटातले धोंडे उचलत राहिली आणि इकडं रोपं वाढून निबर झाली. गावानं धरून चाललं, की म्हाताऱ्यानंच मुकादमकीच्या हावेनं आपलं नाव लिहवून घेतलं. बाकीच्यांची शेतं कशीबशी लागली. धोंडीबाच्या खाचरात कुणी उतरलं नाही.

पेढीवर आलेल्या एका शेतकऱ्याकडून हे कळलं, तेव्हा मी पुन्हा गेलो. खाचरात धोंडीबा आणि त्याची बायको, दोघंच. रोपांचे शेंडे पिवळे पडलेले. मला भयंकर लाज वाटली. मी धोतर खोचलं, पाण्यात उतरलो आणि पेंडी सोडून रोपं खोवू लागलो. मग माझ्या मागं येऊन, मी लावलेली रोपं हलक्या हातानं उपटत म्हणाला, "तुमी बांदावर ऱ्हावा. ह्ये समदं आमाला फिरून लावाया लागतंय." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. निघताना त्यानं एवढंच मागितलं, "कागदावरलं माजं नाव तेवडं काडून टाका."

रविवारी मी प्रोफेसरांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, नाव काढलं तर तक्ता बाद, आणि तक्ता बाद तर प्रशस्तिपत्रही. "काय करू?" असं त्यांनी अगदी सभ्यपणे मला विचारलं. तक्ता भिंतीवर तसाच राहिला, आणि मी वही उघडून बाकावर जाऊन बसलो.

गिरणी मी पुष्कळ वर्षं चालवली, आणि लोक म्हणतात, चांगली चालवली. त्या वर्गाचा विषय निघाला की मी अजूनही प्रोफेसरांची यथेच्छ टर उडवतो; त्यांचं तेल, त्यांचा रुमाल, त्यांच्या चौकटी. माणसं पोट धरधरून हसतात. हल्ली मात्र हसणाऱ्यांकडे पाहता पाहता माझ्या मनात येतं, की इतकी वर्षं मी त्या एका माणसाला इतक्या निगुतीनं नावं ठेवत आलो, ती बहुधा टाक उचलणाऱ्या दुसऱ्या एकाकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून.