फळीपुढची खूण

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही. बायकोपाशी नाही, ज्या दोस्तासोबत तीस वर्षं रोज सकाळी मैदानाला चकरा मारल्या त्याच्यापाशीही नाही. मग तुम्हालाच काहून सांगतो आहे? खरं सांगू — मलाच कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी अमरावतीचा. शाळेत खेळाचा मास्तर होतो, आता रिटायर. पोरांवर ओरडून ओरडून गळा बसला तो बसलाच. पोरं मला कडक म्हणायची आणि मला ते भारी आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. किंवा नसेलही आलं. बघा, सुरुवातीलाच गोंधळ!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. परराज्यात राष्ट्रीय इनडोअर स्पर्धा होती. धावणं, उड्या, सगळं एका छताखाली. आम्ही उन्हाधुळीतली माणसं. तो चकचकीत हॉल पाहून मीच बावरलो होतो. मला काम मिळालं मुलींच्या लांब उडीच्या फळीवरच्या पंचाचं. काम सोपं. उडीच्या फळीला लागून पुढे मऊ प्लास्टिसिनची पट्टी असते. पाय फळीच्या पुढे गेला की पट्टीवर ठसा उमटतो, मग उडी फाऊल, लाल झेंडी. ठसा नसला तर पांढरी. ठसा उमटलाच तर सपाट लोखंडी पातीनं पट्टी पुन्हा गुळगुळीत करायची आणि पुढच्या मुलीला बोलवायचं. एवढंच.

त्या मुलींत प्रणाली होती. चांदूर बाजारची. माझ्या शाळेतली नव्हे, पण अमरावतीच्या मैदानावर सरावाला यायची आणि आल्या आल्या वाकून नमस्कार करायची. सकाळी चहाच्या वेळी दुसऱ्या राज्याच्या एका पंचानं मला हिंदीतून चिडवलं होतं — मास्तर, तुमच्या गावाकडची पोरगी आहे, आज लाल झेंडी खोलीवरच विसरलात वाटतं? सगळे हसले. मीही हसलो. पण ते डोक्यात जाऊन बसलं.

शेवटची उडी राहिली तेव्हा प्रणाली चौथी होती. तिसरी आली असती तर पदक, आणि पदकावर खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी. तिची आई दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत तोडणीला जायची. पोरीनं सगळं त्या एका उडीवर लावलं होतं, आणि हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

ती धावत सुटली. आणि नेमकी तेव्हाच पलीकडे साठ मीटर शर्यतीचं पिस्तूल वाजलं. मैदानावर तो आवाज हवेत विरून जातो. छताखाली तो कानातच फुटतो हो. अन् जन्मभर पिस्तूल वाजलं की माझी मान तिकडे वळणार म्हणजे वळणारच. वळली. क्षणभरच! तेवढ्यात तिचा पाय फळीवर पडून गेला होता.

पट्टीकडे पाहिलं. ठसा होता, एक बोटभर. मग काय, फाऊलच ना? पण थांबा — तिच्या आधीची मुलगीही फाऊल झाली होती. तिचा ठसा मी पुसला होता का? पुसला असेल. दर वेळी पुसतोच की! पण त्या वेळचं आठवेना. आजही आठवत नाही. कधी वाटतं, हातात पात होती. कधी वाटतं, मी तेव्हा त्या चहावाल्या पंचाकडे रागानं बघत होतो.

मुख्य पंचांना हात करून सांगायचं होतं, मी पाहिलं नाही. तीन शब्द. पण मी? मी, कडक मास्तर, म्हणू की माझी नजर हलली? आणि पांढरी दाखवली तर ते सकाळचे हसणारे काय म्हणतील?

मी लाल झेंडी वर केली. आणि दुसऱ्या हातानं लगेच पात उचलून ती पट्टी साफ करून टाकली. कुणी येऊन तो ठसा तिच्या बुटाशी ताडून पाहू नये म्हणून. झेंडीच्या बाबतीत मी गोंधळलो होतो, मान्य. पण पात फिरवताना माझा काडीचाही गोंधळ नव्हता.

उडी मोठी होती. वाळूतली तिची खूण खड्ड्याच्या कडेला तिसरीच्या अंतरावर ठेवलेल्या पाटीच्या पुढे होती, ती मी या डोळ्यांनी पाहिली. फाऊल म्हणून कुणी मोजली नाही.

पाय बोटभर पुढे गेला, एवढंच मी सांगितलं. तिचे प्रशिक्षक तावातावानं हरकत घ्यायला निघाले. तिनंच त्यांचा हात धरला. "राहू द्या ना. आपल्याकडचे सर हायेत, ते खोटं काहून सांगतीन?" मी ऐकलं, आणि झेंड्या गुंडाळत बसलो.

प्रणाली आता अकोल्यात एका शाळेत कंत्राटावर खेळ शिकवते. गेल्या हिवाळ्यात तिनं मला शाळेच्या स्पर्धेला पाहुणा म्हणून बोलावलं. जायचं नव्हतं मला. गेलो काहून, देव जाणे. हारतुरे झाले, मग ती मला उडीच्या खड्ड्यापाशी घेऊन गेली. दहा-बारा पोरी धावायला कुठून सुरुवात करायची त्या खुणा आखत होत्या.

"चार बोटं मांगंच ठेवा गं पाय," ती त्यांना म्हणाली. "माहं एका बोटानं सारं गेलं. विचारा सरांले, त्यांनी पाह्यलं होतं."

पोरींनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी मान हलवली. हो म्हणून.

पोरींनी खाली बसून आपापल्या खुणा पुसल्या आणि चार बोटं मागे आखल्या.