शाल पांघरून वाटलेला चहा

"वीरमाता, पुढे या," असं माइकवर म्हणाले तेव्हा मी मागे कपबश्या पुसत होते. सोसायटीचं झेंडावंदन होतं. चेअरमनसाहेबांच्या घरी मी दहा वर्षं पोळ्या करते. त्यांच्या बाईंनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या. फोटो. मी पुढच्या खुर्चीत टेकणार, तोच साहेब म्हणाले, "मावशी, झालं आता. चहाचं बघा."

शाल काढून ठेवायचंही सुचलं नाही. तशीच ट्रे घेऊन फिरले. कुणीतरी म्हणालं, "आमच्यात साखर कमी हो, वीरमाता." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

त्याहून मोठी लाज वेगळीच होती. माझा मुलगा कसला वीर. एजंटाने परदेशात गोदामातलं काम सांगून नेलं, वाचता न येणाऱ्या कागदावर सही घेतली आणि परक्या देशाच्या लढाईत बंदूक देऊन उभं केलं. बाईंनी आधीच बजावलं होतं, "एजंटची चौकशी करा. नंतर आमच्याकडे रडत येऊ नका." मी केली नव्हती. फसलो हे कुठल्या तोंडाने सांगू? 'एजंटचं फिसकटलं, मिलिटरीत लागला' एवढंच सांगितलं.

त्याचा एकदाच फोन आला. "आई, मला इथून काढ."

लोणी काळभोरच्या एकीचा नवरा त्याच्याच तुकडीत अडकलेला. तिने फोन केला. "ताई, आमी बाया कलेक्टर कचेरीपुढं बसणार हाय. माणसं परत आणायच्या अर्जावर घरच्यांची सही लागती. तुमची नसंल तर पोराचं नाव यादीत येत नाय."

मी म्हणाले, "माझा मुलगा मर्जीने गेलाय."

पोटच्या पोराबद्दल हे बोलले मी. सोसायटीत मान जाईल म्हणून. कसली मान, ती तर चहाच्या ट्रेवर होती.

आठवड्याने पोळ्या लाटत होते. साहेबांच्या पेपरात त्या बायकांचा फोटो होता. "हौसेनं जायचं आणि मग रस्त्यावर गळे काढायचे," ते म्हणाले. "नाहीतर आमच्या मावशी. मुलगा फौजेत, पण डोळ्यांत टिपूस नाही. महिलादिनाला दोन शब्द बोला, मावशी. आई कशी असते ते कळू दे यांना."

तव्यावरची पोळी करपली. माझ्या खोट्याची काठी करून ते त्या बायकांना मारत होते. काठी मीच हातात दिली होती.

गॅस बंद केला. "साहेब, त्या बायकांतलीच मी एक. माझ्या मुलाला फसवून नेलंय. तो रडतोय तिथे."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे शाल फुकटच घेतलीत."

"हो. लाज वाटते. उद्या आणून देते. उरलेल्या कणकेचं तेवढं बाईंना बघायला सांगा."

तशीच बसने कचेरीपुढे गेले. लोणीच्या त्या बाईने सतरंजीवर सरकून जागा दिली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. मी सही केली. यादीत मुलाचं नाव सगळ्यांत शेवटी आलं, माझ्यामुळे.

आता रोज बसते. तो परत येईल की नाही, माहीत नाही. चालत आला तर त्याची माफी मागेन. पेटीतून आला, तर त्या पेटीजवळ एकही शाल येऊ देणार नाही.